परिसरातील एक प्रतिष्ठित

गोपाळकृष्ण तुळपुळे प्रतिष्ठित आहेत, हा शोध पोलिसांनी लावला. तोपर्यंत त्यांना स्वतःलाही याची कल्पना नव्हती आणि घरात सांगणारं कुणी नव्हतं.

वजनमापे खात्यात त्यांनी उभी हयात दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारण्यात घालवली. निवृत्तीनंतर कसबा पेठेतल्या एका नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर ते राहायला आले. पत्नी सुनीतीबाई चार वर्षांपूर्वी मुलीच्या, म्हणजे तनयाच्या बाळंतपणासाठी हडपसरला गेल्या होत्या. बाळंतपण व्यवस्थित पार पडलं. बाळाचं बारसं होऊन अर्णव हे नाव ठेवलं गेलं. अर्णव रांगला, चालला, बोलला, शाळेत जायला लागला. सुनीतीबाई अजून परत यायच्या होत्या. भांडण वगैरे काही नव्हतं. भांडण असतं तर ते मिटवायला तरी चार माणसं घरी आली असती. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"गॅस बंद केला का?"

"केला."

"बरं."

संसाराचा दिवसभराचा ऐवज एवढाच.

लोणीबोळ पोलीस चौकीत तुळपुळे पहिल्यांदा गेले ते इमारतीच्या फाटकासमोर लावलेल्या एका अनोळखी स्कूटरची तक्रार घेऊन. तिथले फौजदार अभिनव जगदाळे तरुण होते, घाईत होते. त्यांनी तक्रारीचा अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, राहायला इथेच?"

"हो."

"रिटायर्ड?"

"क्लास टू."

"मग इथे जरा सही करा."

कसली सही, हे हवालदार पोपट कामठे यांनी समजावलं. पोपटराव फुरसुंगीकडचे, पोटाने आणि स्वभावाने ऐसपैस. "काका, कुणाला बी अटक केली की कागद करावा लागतोय. कधी धरला, कुठं धरला, सगळं त्यात. त्याच्यावर घरच्या मान्साची साक्ष पायजे, न्हाईतर परिसरातल्या प्रतिष्ठित मान्साची. कायदाच हाय तसा. आता घरची मान्सं रडत्यात, सही करत न्हाईत. आन् प्रतिष्ठित मान्सं चौकीची पायरी चढत न्हाईत."

"मग मी?"

"तुमी चढलाय की."

स्कूटर दुसऱ्या दिवशी आपोआप गेली, पण तुळपुळे चौकीत येत राहिले. सकाळी अकराच्या सुमाराला, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्यासाठी भिंतीशी एक खुर्ची ठेवली जाऊ लागली. चहा यायचा, त्यात साखर असायची, आणि साखर घालू नका म्हणणारी व्यक्ती हडपसरला होती. सुरुवातीला ते चष्मा लावून कागद वाचायचे, धरलेल्या माणसाकडे वळून चौकशी करायचे: तुम्हाला का धरलंय ते सांगितलं का, घरी कळवलं का. माणूस त्यांच्याकडे असा बघायचा की हा आता कोण. काही महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडलं. मग वाचणंही सोडलं. सही मात्र सुरेख करायचे, खाली दोन टिंबं देऊन.

या काळात त्यांची प्रकृती सुधारली, असं त्यांच्या डॉक्टरांचं मत होतं.

अर्णवचा वाढदिवस आला. शुक्रवारी सकाळी हडपसरला जायचं, सोमवारी परत. आता तुळपुळ्यांनी नोकरीत असताना चार्ज दिल्याशिवाय एकदाही रजा घेतली नव्हती. त्यामुळे गुरुवारी ते चौकीत जाऊन म्हणाले, "साहेब, मी तीन दिवस नाही. तुमचा खोळंबा नको." आणि अटकेच्या कोऱ्या नमुन्यांच्या गठ्ठ्यातली पाच-सहा पानं ओढून त्यांनी साक्षीदाराच्या जागी सह्या करून दिल्या. खाली दोन टिंबं.

जगदाळ्यांना गहिवरून आलं असावं. "काका, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो," ते म्हणाले.

तराजू न तपासता शिक्का मारला म्हणून तुळपुळ्यांनी आपल्या खात्यातल्या दोघांची वेतनवाढ रोखायला लावली होती. त्या गुरुवारी ते दोघे त्यांना आठवले नाहीत.

सोमवारी ते परत आले, पिशवी ठेवली आणि थेट चौकीत गेले. पोपटराव म्हणाले, "काका, तुमचं एक पान लागलं बरं का शनिवारी. मीटरचोर हाय. त्या नव्या टॉवरातला वॉचमन. पितळंचे पाण्याचे मीटर गायब हायेत तिथले."

"काही अडलं नाही ना?"

"काय अडतंय?"

अडलं नाही याचा तुळपुळ्यांना आनंद झाला, आणि अडलं नाही याचं थोडं वाईटही वाटलं.

दुपारी दाराची बेल वाजली. ती इतक्या दिवसांनी वाजली होती की आधी ते कुकरकडे गेले. दारात पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात घडी घातलेली झेरॉक्स.

"तुळपुळे काकाजी तुमीच का?"

"मीच. आपण?"

"मी इंदुबाई. महिपती वॉचमनची घरवाली. आमी यवतमाळकडचे जी." तिने झेरॉक्स पुढे केली. "वकीलबाईनं हा कागद देल्ला. यात हाये का शनिवारी संध्याकाळी त्याईले धरलं तवा तुमी तिथं होते. म्हून आली."

तुळपुळ्यांनी तिला आत बोलावलं. ती सोफ्यावर बसली नाही, दारालगत खाली बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "कसे होते जी थे?"

"म्हणजे?"

"म्हंजे मले कोनी भेटूच देल्लं नाई. काल कोर्टात लांबून दिसले, चार पोलीस मंधात. पोलिसाईले अजून दोन दिवस देल्ले म्हने जज्जसायबानं. तुमी जवळून पाह्यलं. भेलेले होते का? जेवले होते का? माह्याबद्दल काई म्हनलं का?"

गेल्या कित्येक महिन्यांत तुळपुळ्यांना इतक्या आशेने कुणी काही विचारलं नव्हतं. आणि माणसाची अशी गंमत आहे की विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं त्याच्या जिवावर येतं. ते म्हणाले, "बरे होते. घाबरले नव्हते. चहा घेतला त्यांनी."

"चहा घेतला?"

"घेतला. साखरेचा."

"आन् मी?"

"तुमची... तुमची चौकशी केली. घरी कळवा म्हणाले."

बाईने डोळ्यांना पदर लावला. तुळपुळ्यांना आपण एक चांगलं काम केल्यासारखं वाटलं. मग तिने पिशवीतून रबरी चपलांचा जोड काढला. "ह्या त्याईच्या. शुक्रवारी दुपारी गेटावरून नेलं तवा तिथंच राह्यल्या. टॉवरातल्या कामवालीनं उचलून ठेवल्या म्हून सापडल्या. तुमी शनिवारी पाह्यलं तवा पायात काई होतं का जी? फरशी गार असते म्हून इचारते."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी दुपारी. जेवाचा डबा उघडलाच होता. मी संध्याकाळी चौकीत गेली तं म्हने इथं कोनी नाई. राती गेली तं म्हने सकाळी सोडतो. शनिवारी दिवसभर बाहीर बसली."

धरलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करायचं, वाटेतला प्रवास तेवढा सोडून. हे चौकीत चहा पिता पिता तुळपुळ्यांना पाठ झालं होतं. शुक्रवारी दुपारी धरलेला माणूस रविवारी दुपारी कोर्टात नेला तर ते कुठल्याच हिशेबात बसत नाही. मग कागद शनिवार संध्याकाळचा करायचा. म्हणजे बसतं. फक्त शनिवारी संध्याकाळी तो माणूस मोकळा होता आणि आपल्यादेखत धरला गेला, असं सांगणारं कुणीतरी प्रतिष्ठित हवं.

त्यांनी झेरॉक्सकडे पाहिलं. दोन टिंबं स्पष्ट उमटली होती.

"बाई," ते म्हणाले, "मी तिथे नव्हतो."

"कुठं?"

"शनिवारी. मी हडपसरला होतो, नातवाकडे. सही आधी करून ठेवली होती. चहाचं मी मनाने सांगितलं."

इंदुबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चपला परत पिशवीत ठेवल्या आणि विचारलं, "मंग त्याईच्याजवळ कोन होतं?"

"कुणी नव्हतं," तुळपुळे म्हणाले.

बाई गेल्यावर ते चौकीत गेले. जगदाळे मोबाइलवर बोलत होते. बोलणं संपेपर्यंत तुळपुळे उभे राहिले. खुर्ची होती, पण बसले नाहीत.

"काका, बसा की. चहा सांगू?"

"महिपतीला शुक्रवारी धरलं होतं का?"

"शुक्रवारी चौकशीला आणलं होतं. अटक शनिवारी."

"मधल्या वेळात तो उठून घरी जाऊ शकत होता का?"

जगदाळे हसले. "काका, तुम्ही प्रतिष्ठित आहात. वकील नाही."

"मी कोर्टात सांगणार आहे, मी नव्हतो म्हणून."

हसू गेलं नाही, नुसतं जागच्या जागी थांबलं. "सांगा ना. मग कोऱ्या कागदावर सही का केलीत, तेही सांगा. वर हेही विचारतील, की नव्हतात तर कुठे होतात. पुरावा लागतो काका. आमच्याकडे तुमची सही आहे. तुमच्याकडे काय आहे?"

बाहेर पायरीवर पोपटराव तंबाखू मळत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "काका, उद्यापास्नं येऊ नका, म्हनत्यात सायेब. मी न्हाई म्हनत."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हननार? माझी अजून अकरा वर्सं राह्यलीत."

पुराव्याचं वकीलबाईंनीही विचारलं. श्रद्धा देवतळे या महिपतीला सरकारी कायदा मदतीतून मिळालेल्या वकील. बोलणं भरभर, मागे कायम रिक्षाचा आवाज. इंदुबाईकडून घेतलेल्या नंबरावर तुळपुळ्यांनी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "काका, ग्रेट आहात तुम्ही, पण प्रॅक्टिकली बोलू. उद्या दुपारी पुन्हा प्रोड्यूस करतायत त्यांना. तुम्ही नुसतं 'नव्हतो' म्हणालात तर ते म्हणणार, म्हातारे आहेत, विसरले. शनिवारी संध्याकाळचा बर्थडे होता ना? फोटो असतीलच. त्यातला तुमचा एक टाका मला. बास."

तुळपुळ्यांनी तनयाला फोन केला. तिने फोटोंचा आख्खा अल्बम पाठवला. दोनशेच्या वर फोटो होते. ते सोफ्यावर बसून एकेक पाहू लागले. अर्णव फुग्यांबरोबर, अर्णव केकबरोबर, अर्णवच्या नाकाला क्रीम. जावई. जावयाचे आईवडील, निरनिराळ्या कोनांतून. सुनीतीबाई नव्या साडीत, हसताना. ही साडी त्यांनी त्या दिवशी नीट पाहिलीच नव्हती असं त्यांच्या लक्षात आलं. केक आणणारा माणूस. शेजाऱ्यांचा कुत्रा चार फोटोंत. तुळपुळे एकाही फोटोत नव्हते.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मग सुनीतीबाईंना फोन लावला. नेहमीच्या वेळेआधी आलेल्या फोनने त्या दचकल्या.

"काय हो? गॅस?"

"गॅस बंद आहे. मी शनिवारी होतो ना तिथे?"

"कुठे?"

"वाढदिवसाला."

"म्हणजे काय! होतात की." मग जरा थांबून, "होतात ना? केक कापताना नव्हतात बहुतेक. व्याही विचारत होते."

"मी आतल्या खोलीत होतो. सगळ्या बायकांच्या पर्स पलंगावर ठेवल्या होत्या. तनया म्हणाली, बाबा, जरा लक्ष ठेवा."

"हां. बरोबर. माझीही होती त्यात."

"मग कुणी उठा म्हणालं नाही."

पलीकडे अर्णव कार्टून लावा म्हणून ओरडत होता. सुनीतीबाईंनी त्याला दटावलं आणि म्हणाल्या, "तुम्ही यायचं ना बाहेर. बोलावणं कशाला लागतं?"

यावर तुळपुळ्यांकडे उत्तर होतं, पण ते चार वर्षांचं होतं आणि फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी महिपतीचं सगळं सांगितलं, नवी साडी फोटोतच पाहिली तेही. सांगून झाल्यावर विचारलं, "उद्या शिवाजीनगर कोर्टात येशील का? मी होतो एवढंच सांगायला."

"अर्णवची शाळा उद्या लवकर सुटते."

"बरं."

"बघते," त्या म्हणाल्या. गॅसचं पुन्हा विचारलं नाही.

मंगळवारी कोर्टात तुळपुळे सर्वांच्या आधी पोहोचले. महिपतीला आणलं तेव्हा त्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं. सडपातळ, अर्धे केस पांढरे, पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला. त्याने तुळपुळ्यांकडे पाहिलं आणि नजर पुढे नेली. ओळखायचं कारणच नव्हतं. मीटर त्याने चोरले होते की नव्हते, हे तुळपुळ्यांना तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. तो वेगळा खटला आहे.

न्यायाधीश बाईंनी त्यांना पुढे बोलावलं. श्रद्धाबाईंनी सांगितलं तसं तुळपुळे बोलले. सही माझी, मी नव्हतो, पान कोरं होतं. जगदाळे म्हणाले, "मॅडम, ज्येष्ठ नागरिक आहेत. एकटे राहतात. थोडं विसरायला होतं त्यांना."

"एकटे राहतात म्हणून विसरतात असं कायद्यात कुठे लिहिलंय?" बाई म्हणाल्या. मग तुळपुळ्यांकडे वळून, "तुम्ही शनिवारी संध्याकाळी हडपसरला होतात. तुम्हाला तिथे पाहणारं कुणी आहे?"

खरं उत्तर 'नाही' असं होतं.

"मी आहे," मागून आवाज आला. सुनीतीबाई आल्या होत्या. खांद्याला पर्स, बसमधून उतरून धावपळीत आल्याने चेहरा लाल झालेला.

"आपण कोण?"

"यांची पत्नी."

"आपण यांना त्या संध्याकाळी पाहिलंत?"

सुनीतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. श्रद्धाबाईंनी मान हलवून 'हो म्हणा' अशी खूण केली. सुनीतीबाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना त्याची कधी गरजच पडली नव्हती. "पाहिलं असं नाही म्हणता येणार," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष नव्हतं. कुणाचंच नव्हतं. पण साडेसहाला मी यांच्या हातात पर्स दिली आणि नऊला यांच्याच हातून घेतली. ते उठले असते तर खोलीत कुणी नसतं, आणि पोरांनी पर्स उचकल्या असत्या. उचकलेल्या नव्हत्या. म्हणजे ते तिथेच बसले होते. अडीच तास." मग जरा हळू, "ते सांगितलं तिथे बसून राहतात."

न्यायाधीश बाईंनी हे लिहून घेतलं. टॉवरच्या फाटकावरचं शुक्रवारचं कॅमेऱ्याचं चित्रण श्रद्धाबाईंनी मागितलं होतं, ते आपल्यासमोर आणावं असा हुकूम दिला. अटकेच्या वेळेबद्दल गंभीर शंका आहे, पोलीस कोठडी वाढवणार नाही, आरोपीला जामिनावर सोडावं, आणि हा कागद कसा तयार झाला याची चौकशी दुसऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्याने करावी. कोऱ्या कागदावर सही देणाऱ्या सद्गृहस्थांचाही जबाब घ्यावा. 'सद्गृहस्थ' शब्द त्यांनी किंचित लांबवून उच्चारला.

बाहेर इंदुबाईने पिशवीतल्या चपला काढून महिपतीच्या पायापुढे ठेवल्या. त्याने पायातल्या मोठ्या चपला काढल्या आणि त्या कुणाला परत द्यायच्या हे न कळून हातात धरून उभा राहिला. तुळपुळे जवळ गेले नाहीत. काय म्हणणार होते? चहाबद्दल?

बसथांब्यावर त्यांनी सुनीतीबाईंना विचारलं, "घरी येतेस? जवळच आहे."

"अर्णव दारात बसला असेल." बस आली. चढताना त्या म्हणाल्या, "ती साडी अजून घडी घालून ठेवली नाहीये मी. पुढच्या वेळी आलात की दाखवीन." बस निघून गेली. पुढची वेळ कधी, हे दोघांपैकी कुणीच म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तुळपुळ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मग काय करावं ते न सुचून खिडकीशी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी श्रद्धाबाईंना फोन केला. जबाबासाठी कधी जायचं, कुठल्या ठाण्यात, सोबत काय न्यायचं?

"कुठेही जायचं नाही काका. तुमचं वय साठच्या वर आहे ना? साक्षीदार म्हणून तुम्हाला ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही त्यांना. त्यांनी तुमच्या घरी यायचं."

"घरी?"

"घरी. कायदाच आहे तसा. तुमची इच्छा असेल तर तुम्ही जाऊ शकता, पण कशाला?"

"नको, नको," तुळपुळे घाईने म्हणाले. "येऊ देत."

शनिवारी सकाळी निरीक्षक रामदास भोईटे एका शिपायाला घेऊन आले. तुळपुळ्यांनी सोफ्यावरचं कापड बदललं होतं, पोहे करून झाकून ठेवले होते. भोइट्यांनी पोह्यांना नको म्हटलं, मग शिपाई घेतोय हे पाहून घेतले. चार प्रश्न विचारले. सही कधी केली, का केली, किती पानांवर केली, कुणी मागितली होती का. शेवटच्या प्रश्नाला तुळपुळे म्हणाले, "मागितली नव्हती. मीच दिली." ते तसंच लिहिलं गेलं. पोहे संपायच्या आत जबाब संपला.

"अजून काही विचारायचं असेल तर," तुळपुळे म्हणाले.

"लागलं तर येऊ."

"कधी?"

"लागलं तर, काका."

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज येईपर्यंत ते दारात उभे राहिले. मग बशा उचलल्या, नळाखाली धरल्या. कोऱ्या पानांचं सगळं सांगून झालं होतं. पण आधीची पानं कोरी नव्हती. त्यांच्यावर नावं होती, वेळा होत्या, आणि समोर माणूस उभा असायचा. तो कधी धरलाय, हे तुळपुळ्यांनी नंतर नंतर एकालाही विचारलं नव्हतं. भोइट्यांनीही ते विचारलं नव्हतं.

त्यांनी हात पुसले आणि भोईटे देऊन गेले होते त्या नंबरावर फोन लावला. ते बहुधा अजून गल्लीतच होते. मागे त्यांच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"साहेब, तुळपुळे बोलतोय. राहिलंय अजून."

"काय राहिलंय?"

"या आधीचे. ज्यांच्या वेळी मी हजर होतो, ते सगळे."

पलीकडे गाडीचं दार पुन्हा उघडल्याचा आवाज आला. "किती आहेत?"

"आठवून आठवून सांगावं लागेल," तुळपुळे म्हणाले. "बसून. वर या ना."